विज्ञानाच्या शिक्षकांना खुलं पत्र: उत्क्रांतीबद्दल "एकच पर्याय निवडा" असं विचारू नका

विज्ञान शिकवणाऱ्या, त्याचे पेपर काढणाऱ्या आणि पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्या सगळ्या सर-मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी नववीत आहे. परवा तिने चाचणीचा पेपर माझ्यासमोर ठेवला आणि काही न बोलता एका प्रश्नावर बोट ठेवलं. योग्य पर्याय निवडा, उत्क्रांती म्हणजे अ) तथ्य, ब) सिद्धांत. तिने दोन्हीवर खूण केली होती आणि बाजूला बारीक अक्षरात "दोन्ही" असं लिहिलं होतं. त्यावर लाल रेघ, शून्य मार्क आणि शेरा, "एकच पर्याय निवडा". तिने वर्गात विचारलं तर उत्तर मिळालं की ती फक्त थिअरी आहे, सिद्ध झालेली नाहीये, म्हणून ब.

एका मार्कासाठी मी हे लिहीत नाहीये हे आधीच सांगते, आणि शाळेचं किंवा कुणाचं नावही घेणार नाही, कारण मी स्वतः शाळेत होते तेव्हा वेगळ्या सरांनी वेगळ्या वर्गात हेच वाक्य आम्हाला सांगितलं होतं आणि पुढे मायक्रोबायोलॉजी करून लॅबमध्ये कामाला लागल्यावरसुद्धा कितीतरी दिवस ते माझ्या डोक्यात तसंच होतं, "फक्त थिअरी". त्यामुळे हा काही एका शिक्षकाचा दोष नाही. आपण सगळेच हे पिढ्यानपिढ्या असंच पुढे ढकलत आलोय, आणि मला ते आता थांबवावंसं वाटतंय.

आधी शब्दांचंच बघू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. थिअरी हा शब्द मुलांना पहिल्यांदा कुठे भेटतो? "थिअरीचा पेपर कधी आणि प्रॅक्टिकल कधी" इथे. म्हणजे थिअरी हे पुस्तकातलं, पाठ करायचं, आणि प्रॅक्टिकल म्हणजे हाताने करून बघायचं. मग मोठ्यांच्या बोलण्यात ऐकू येतं, "त्याची आपली काहीतरी वेगळीच थिअरी आहे", म्हणजे मनाचा अंदाज, कशाला काही आधार नाही. हे दोन अर्थ घेऊन मूल विज्ञानाच्या वर्गात बसतं आणि आपण त्याला सांगतो की उत्क्रांती ही थिअरी आहे. त्याने काय समजावं?

बरं, आपल्याकडे "सिद्धांत" असा छान शब्द आहे, तो फोडून बघा. सिद्ध आणि अंत. सगळी तपासणी, सगळा वाद झाल्यावर शेवटी जे सिद्ध म्हणून हातात उरलं ते. शब्दातच सिद्ध बसलंय आणि तरी आपण मुलांना सांगतो की हा सिद्धांत आहे, म्हणजे सिद्ध झालेलं नाही! हे वाक्य मराठीतच चुकीचं आहे. अर्थात या शब्दाची दुसरी अडचणही आहे, त्यातला "अंत". त्यामुळे वाटतं की विषय संपला, आता यात कुणी हात घालायचा नाही, आणि विज्ञानातला सिद्धांत काही तसाही नसतो, त्याची दुरुस्ती चालूच असते. "तथ्य" तर आपण जास्त करून नकारातच वापरतो, अमक्या बातमीत काही तथ्य नाही म्हणून. आणि खुद्द "उत्क्रांती" हा शब्दही जरा फसवाच आहे, त्यातला उत् म्हणजे वर, त्यामुळे डोळ्यासमोर जिना येतो आणि वरच्या पायरीवर माणूस उभा दिसतो. खरं तर अंधाऱ्या गुहेत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या माशांचे डोळे गेले तीही उत्क्रांतीच. त्यात वर चढणं कुठे आलं?

आता विज्ञानात थिअरी कशाला म्हणतात ते. मला शाळेत असं वाटायचं की ही प्रमोशनची शिडी आहे, आधी गृहीतक, मग पुरावे मिळाले की सिद्धांत, आणि अगदीच पक्कं झालं की नियम. कितीतरी पुस्तकांमधून हाच समज होतो. पण असं काही नसतं. बॉइलचा नियम १६६२ चा, तो सांगतो की तापमान तेच ठेवून वायूवर दाब दुप्पट केला की त्याचं आकारमान निम्मं होतं. बस, एवढंच, काय होतं ते. का होतं ते नियम सांगत नाही, ते सांगतो वायूंचा गतिज सिद्धांत, की वायू म्हणजे सतत धावणारे, आपटणारे कण. सिद्धांत उद्या मोठा होऊन नियम बनणार नाहीये, दोघांची कामंच वेगळी आहेत. नियम काय घडतं ते सांगतो, सिद्धांत का आणि कसं ते सांगतो. उलट बॉइलचा नियम जास्त दाबाला नीट चालत नाही, म्हणजे "नियम" म्हटलं म्हणून तो जास्त पक्का असंही नाही.

आणि तथ्याचं काय? पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आज कुणीही तथ्य म्हणेल. कोपर्निकसने ते १५४३ मध्ये मांडलं. पृथ्वी फिरत असेल तर वर्षभरात जवळचे तारे किंचित इकडे-तिकडे सरकल्यासारखे दिसायला हवेत, हे तेव्हाच लोकांच्या लक्षात आलं होतं, पण ते सरकणं इतकं बारीक की बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने ते नीट मोजलं १८३८ मध्ये. मधे २९५ वर्षं गेली. त्या २९५ वर्षांत पृथ्वी काय "फक्त थिअरी" म्हणून फिरत होती का? ती फिरतच होती, फक्त आपली खात्री हळूहळू वाढत गेली. म्हणजे विज्ञानातलं तथ्यसुद्धा बहुतेक वेळा डोळ्याने बघितलेलं नसतं, वेगवेगळ्या बाजूंनी इतके पुरावे येऊन एकाच जागी मिळतात की त्यावर शंका घ्यायला कारणच उरत नाही, त्याला आपण तथ्य म्हणतो.

आता उत्क्रांतीकडे येते. माझं म्हणणं असं आहे की या एका शब्दाखाली आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत आणि मग एकच पर्याय निवडा म्हणतोय. सजीव पिढ्यानपिढ्या बदलत आले आणि आज आहेत ते सगळे सामाईक पूर्वजांपासून आले, ही एक गोष्ट. हे कशामुळे होतं, नैसर्गिक निवड (त्या परिस्थितीत जे तगतात त्यांचीच पुढची पिढी वाढते) किती, योगायोग किती, जनुकं कशी बदलतात, ही दुसरी. आणि नेमकं कोण कुणापासून, कधी, कुठे वेगळं झालं, म्हणजे वंशावळ, ही तिसरी. पहिली तथ्य आहे. दुसरी सिद्धांत आहे, आणि फार भक्कम सिद्धांत आहे. तिसरीतला मोठा भाग पक्का आहे आणि काही भाग अजून रोज खोडून लिहिला जातोय. माझ्या मुलीने "दोन्ही" लिहिलं तेव्हा तिला एवढं सगळं सांगता आलं नसतं, पण तिचं उत्तर बरोबर होतं.

पहिल्या गोष्टीबद्दल माझ्या कामातूनच सांगते. आमच्याकडे कल्चर-सेन्सिटिव्हिटीची टेस्ट होते. पेशंटच्या नमुन्यातले बॅक्टेरिया प्लेटवर पसरवायचे, वर अँटिबायोटिकच्या छोट्या डिस्क ठेवायच्या, प्लेट रात्रभर इनक्युबेटरमध्ये. दुसऱ्या दिवशी डिस्कभोवती स्वच्छ गोल दिसला की औषध चालतंय. कधी कधी त्या स्वच्छ गोलाच्या आत एखाद-दुसरा ठिपका उगवलेला असतो. बाकीचे सगळे मेले आणि हा वाढला. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं होतं प्लेट खराब झाली, आणि तसं होतंही कधी कधी, पण पुन्हा वेगळा करून लावला तर तो खरोखरच त्या औषधाला दाद देत नाही असंही निघतं. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणात हाच इशारा दिला होता, की पेनिसिलिन कमी मात्रेत घेतलं तर दाद न देणारे जंतू तयार होतील. मेथिसिलिन हे अँटिबायोटिक १९६० च्या आसपास वापरात आलं आणि १९६१ मध्ये त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू सापडलासुद्धा.

इथे आपण बोलताना काय म्हणतो? "जंतूंना औषधाची सवय झाली." मीही म्हणायचे. पण या एका वाक्यात सगळी उत्क्रांती उलटी होते. सवय म्हणजे औषध आलं, जंतूने त्याच्याकडे बघून स्वतःला बदललं. तसं होत नाही, आणि हे कसं कळलं तो प्रयोग मला इतका आवडतो की तो प्रत्येक वर्गात सांगितला पाहिजे. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये आकडेमोडीने दाखवलं होतं, पण जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये ते डोळ्यांना दिसेल असं करून दाखवलं. औषध नसलेल्या प्लेटवर बॅक्टेरिया वाढवले. मखमलीचं कापड त्यावर हलकेच दाबलं, मखमलीच्या लवेला बॅक्टेरिया चिकटले, मग तेच कापड औषध घातलेल्या एका मागून एक प्लेटवर दाबलं, शिक्का मारतो तसं. वाचलेले ठिपके सगळ्या प्लेटवर त्याच त्याच जागी उगवले! औषधाने ते बदल घडवले असते तर प्रत्येक प्लेटवर वेगवेगळ्या जागी उगवायला हवे होते. याचा अर्थ तगणारे जंतू मूळ प्लेटवर आधीच होते, औषध त्यांना भेटलंच नव्हतं. औषधाने फक्त बाकीच्यांना मारून यांना जागा मोकळी करून दिली. बदल आधी, निवड नंतर. (जंतू एकमेकांना अशी जनुकं देतातही, त्यामुळे प्रसार अजून वेगाने होतो, पण निवड तिथेही तशीच चालते.)

यापेक्षा लांब पल्ल्याचं बघायचं तर रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये एकाच ई. कोलाय बॅक्टेरियापासून १२ फ्लास्क सुरू केले, रोज थोडे बॅक्टेरिया नव्या फ्लास्कमध्ये, दर ५०० पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. त्या द्रवात ग्लुकोज अगदी थोडं होतं आणि सायट्रेट भरपूर होतं, पण ऑक्सिजन असताना ई. कोलायला सायट्रेट खाता येत नाही, हे तर त्याचं ओळखीचं लक्षण आहे. साधारण ३१,५०० पिढ्यांनंतर एका फ्लास्कमधले बॅक्टेरिया सायट्रेट खायला लागले. बारापैकी एकच. गोठवलेले जुने नमुने पुन्हा वाढवून बघितल्यावर कळलं की ही क्षमता यायच्या आधी इतर काही बदल होऊन तयारी झालेली असावी लागते, अगदी पहिल्या पिढ्यांपासून सुरुवात केली तर ती पुन्हा आलीच नाही. मला यात सगळ्यात मोठं काय वाटतं तर काळ मागे नेऊन पुन्हा खेळवता आला.

"बॅक्टेरिया बॅक्टेरियाच राहिले ना", हे मला माहितीये, हे मला लोक ऐकवतात. मग पक्षी घ्या. गालापागोसच्या डॅफ्ने मेजर नावाच्या एवढ्याशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट १९७३ पासून फिंच पक्षी पकडून, पायात कडी घालून, चोच मोजून सोडत होते. १९७७ मध्ये दुष्काळ पडला, मऊ बारीक बिया संपल्या, राहिली ती सराट्याच्या जातीतली टणक काटेरी फळं. बहुतेक पक्षी मेले, जाड चोचीचे त्यातल्या त्यात जास्त जगले, आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड भरली. फरक मिलिमीटरपेक्षाही कमी, पण जगणं-मरणं तेवढ्यावर ठरलं. मग १९८३ मध्ये प्रचंड पाऊस झाला, बारीक बियांचं रान माजलं आणि निवड उलट्या दिशेने फिरली, बारीक चोचीचे तगले. म्हणजे इथेही वर चढणं नाही, त्या त्या वर्षी जे जगू शकलं ते उरलं.

आता खरा आक्षेप, की असे लहान बदल आम्ही मानतो, पण माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक, हे कुणी बघितलंय? कुणीच नाही. पण जे बघितलेलं नसतं तेही तपासता येतं, आणि तपासणी कशी करायची हे मुलांना शिकवणं हेच तर तुमचं काम आहे. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात २४. पूर्वज एक असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? अख्खं गुणसूत्र नाहीसं झालं तर जीव जगणार नाही, मग दोन गुणसूत्रं जोडली जाऊन एक झालं असलं पाहिजे. आणि तसं झालं असेल तर त्याच्या खुणाही राहिल्या पाहिजेत. गुणसूत्राच्या टोकाला ठरावीक सहा अक्षरांची तीच तीच ओळ पुन्हा पुन्हा येते, टेलोमिअर म्हणतात त्याला, ती आपल्या एखाद्या गुणसूत्राच्या मधोमध कुठेतरी सापडली पाहिजे, आणि तीही तोंडाला तोंड लावून. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एक सेंट्रोमिअर असतो, म्हणजे पेशी विभागताना त्याला धरायची जागा, तेव्हा जोडलेल्या गुणसूत्रात दुसऱ्या सेंट्रोमिअरचे अवशेष मिळाले पाहिजेत. १९९१ मध्ये आपल्या गुणसूत्र क्रमांक दोनमध्ये तो जोड सापडला, टोकाची अक्षरं मधे, तोंडाला तोंड, आणि दुसऱ्या सेंट्रोमिअरचे अवशेषही आहेत. हे सापडलं नसतं तर सामाईक पूर्वजाच्या कल्पनेला मोठा धक्का बसला असता. मला वाटतं तथ्य म्हणजे काय हे समजवायला याहून सोपं उदाहरण मिळणार नाही, नववीतल्या मुलांना २३ आणि २४ मोजता येतात.

क व्हिटॅमिनचंही तसंच. बहुतेक सस्तन प्राणी ते शरीरातच बनवतात, आपण नाही बनवू शकत, पण ते बनवणारं जनुक आपल्यात आहे, मोडक्या अवस्थेत. आपल्यात आणि चिंपांझीत ते सारख्याच प्रकारे मोडलेलं आहे. गिनीपिगमध्येही मोडलंय पण वेगळ्या प्रकारे, कारण तिथे ते स्वतंत्रपणे मोडलं. परीक्षेत दोन मुलांची बरोबर उत्तरं जुळली तर आपण काही म्हणत नाही, पण चुका शब्दाशब्दाला जुळल्या की तुम्हाला लगेच कळतं ना, तेच हे.

जीवाश्मांचं एकच सांगते. नील शुबिन आणि त्यांचे सहकारी मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधला दुवा शोधत होते. त्यांनी काय केलं तर कोणत्या काळातल्या खडकात तो असायला हवा ते आधी ठरवलं, साधारण ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचे, नदी-ओढ्यात साचलेल्या गाळाचे, आणि असे खडक कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर उघडे पडलेत म्हणून तिथे गेले, अनेक उन्हाळे खणलं आणि २००४ मध्ये टिक्टालिक सापडला. खवले माशाचे, पण मान आहे, चपटं डोकं आहे, पराच्या आत मनगटासारखी हाडं आहेत. आता यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे आणि ती वर्गात सांगितली जात नाही याचं मला वाईट वाटतं. २०१० मध्ये पोलंडमध्ये चार पायांच्या प्राण्याच्या वाटतील अशा पावलांचे ठसे प्रसिद्ध झाले, टिक्टालिकच्याही आधीचे. म्हणजे टिक्टालिक हा आपला थेट पूर्वज नसून उशिरापर्यंत टिकलेला एखादा चुलता असू शकतो. ते ठसे नक्की कशाचे यावरही वाद आहे. झालं काय, तर तिसऱ्या गोष्टीतली, वंशावळीतली एक तारीख डळमळली. मासे आणि चार पायांचे प्राणी एका घराण्याचे, हे नाही डळमळलं. हा फरक ज्या मुलाला कळला त्याला विज्ञान कळायला लागलं असं मी म्हणेन.

आता सिद्धांताची बाजू. इथे इतिहासच आपलं काम करून देतो. १८५८ मध्ये डार्विन आणि वॉलेस यांचे निबंध एकत्र वाचले गेले, १८५९ मध्ये डार्विनचं पुस्तक आलं, आणि पुढच्या वीसेक वर्षांत बहुतेक जीवशास्त्रज्ञांनी हे मान्य केलं की सजीव सामाईक पूर्वजांपासून बदलत आलेत. पण हे नैसर्गिक निवडीने होतं, हे त्यातल्या पुष्कळांनी मानलं नाही! ते मान्य व्हायला जवळजवळ १९३०-४० उजाडलं. म्हणजे काय घडलं ते मान्य आणि कसं घडलं त्यावर वाद, अशी पन्नास-साठ वर्षं खुद्द शास्त्रज्ञांनी काढली. तथ्य आणि सिद्धांत वेगळे असतात हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आणि डार्विन चुकलाही होता, बऱ्यापैकी चुकला होता. गुण पुढच्या पिढीत कसे जातात हे त्याला माहीत नव्हतं. शरीराच्या प्रत्येक भागातून बारीक कण निघतात आणि ते जननपेशींत गोळा होतात असं त्याने १८६८ मध्ये मांडलं, ते साफ चूक निघालं. त्याचं खरं उत्तर देणारं मेंडेलचं काम १८६६ मध्येच छापून आलं होतं पण ते लोकांच्या लक्षात आलं १९०० मध्ये. तिकडे लॉर्ड केल्विन पृथ्वीच्या थंड होण्यावरून हिशोब करून तिचं वय शेवटी दोन ते चार कोटी वर्षं सांगत होते, आणि एवढ्या वेळात हे सगळं होणं शक्यच नव्हतं, हा डार्विनच्या सिद्धांतासाठी फार अवघड आक्षेप होता. किरणोत्सर्गावरून खडकांचं वय मोजता आल्यावर कळलं की पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची आहे. मग फिशर, हाल्डेन, राइट यांनी मेंडेलची जनुकं आणि डार्विनची निवड गणितात एकत्र बसवली. १९६८ मध्ये मोटू किमुरा यांनी म्हटलं की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल ना फायद्याचे ना तोट्याचे, ते नुसत्या योगायोगाने पसरतात, आणि त्यावरून कितीतरी वर्षं वाद पेटला. यातल्या प्रत्येक वेळी "डार्विन चुकला" असं म्हणता येतं आणि ते खरंही असतं, पण त्याचा अर्थ "उत्क्रांती झाली नाही" असा लावला की आपण पहिल्या आणि दुसऱ्या गोष्टीची सरमिसळ केली.

असंच खंडांच्या बाबतीत झालंय. वेगेनरने १९१२ मध्ये सांगितलं की खंड सरकतात, पुरावेही दिले, पण ते कशाने सरकतात याचं त्याने दिलेलं कारण चुकीचं होतं, म्हणून लोकांनी सगळंच फेटाळलं. १९६० च्या दशकात प्लेट टेक्टॉनिक्स, म्हणजे पृथ्वीचं कवच सरकत्या तुकड्यांचं बनलंय हा सिद्धांत, आला आणि आज उपग्रहांवरून ते सरकणं वर्षाला किती सेंटीमीटर ते मोजता येतं. कारण चुकलं होतं, पण खंड सरकतच होते.

मी ज्यांच्या बाजूने बोलतेय त्यांच्याबद्दलही मला तक्रार आहे. काही शिक्षक आणि विज्ञानप्रेमी मंडळी उलटं टोक गाठतात, "उत्क्रांती फॅक्ट आहे, संपलं, प्रश्न विचारू नका." असं ऐकल्यावर मूल हे गप्प बसून मान्य करतं किंवा गप्प बसून अमान्य करतं, शिकत काहीच नाही. मूल विचारतं की पहिला जीव कुठून आला, तर खरं उत्तर आहे की ते अजून नीट कळलेलं नाही, त्यावर काम चालू आहे, आणि उत्क्रांतीचा सिद्धांत स्वतःची प्रत काढणारं काहीतरी अस्तित्वात आल्यानंतरचं सांगतो. हे असं स्वच्छ सांगायला काय हरकत आहे? एक गोष्ट माहीत नाही म्हटलं तर मुलं बाकीच्यावर जास्त विश्वास ठेवतात, हा माझा घरातला अनुभव आहे. तसंच "माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून कशी" या प्रश्नाला हसू नका. मी आणि माझी चुलत बहीण एका आजोबांच्या नाती आहोत, मी तिच्यापासून झालेली नाही आणि मी जन्मले म्हणून ती नाहीशी व्हायचं काही कारण नाही, एवढं म्हटलं की पुरतं. आणि ती वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतची रांगेतली चित्रं कृपा करून भिंतीवरून काढा, झाड काढा, फांद्या असलेलं.

माझी मागणी फार नाहीये. "फक्त" हा शब्द सिद्धांताच्या आधी लावू नका, अणूंच्या सिद्धांताला नाही लावत, रोग जंतूंमुळे होतात या सिद्धांताला नाही लावत, मग यालाच का? धडा मागे ठेवून वर्षाच्या शेवटी दोन तासांत उरकू नका. वर्गात हे तीन प्रश्न वेगळे करा: काय घडलं, कसं घडलं, कुणाचं कधी घडलं. पुस्तक लिहिणाऱ्यांनी गृहीतक, सिद्धांत आणि नियम यांची शिडी असल्यासारखी ती आकृती काढून टाकावी. आणि ज्यांना स्वतःला हे पटत नाही अशा शिक्षकांनाही माझं सांगणं आहे, तुमचं मत तुमच्याजवळ ठेवा, त्यावर माझा काही हक्क नाही, पण पुरावा मुलांसमोर पूर्ण मांडा, मखमलीचा प्रयोग सांगा, २३ आणि २४ चा हिशोब फळ्यावर करा आणि मुलांना त्यावर बोलू द्या.

मुलीचा पेपर अजून माझ्या टेबलावरच आहे. तो मार्क परत द्या असं मी शाळेत जाऊन म्हणणार नाही, तिने मला नको म्हटलंय. पण पुढच्या चाचणीत हाच प्रश्न पुन्हा घाला, फक्त पर्याय देऊ नका. उत्क्रांती हे तथ्य की सिद्धांत, कारणं द्या, आणि खाली दहा ओळी मोकळ्या सोडा.

तुमची,
नववीतल्या एका मुलीची आई